चौदावा नियम खोड, छोटे

छोटे, परवा बर्डीवर तुझी वही वाचून झाल्यावर मी नुसतं "बरं आहे" म्हटलं आणि पोह्यांच्या बशीकडे वळले. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. चार महिने तुम्ही चौघं रात्र रात्र जागून हा खेळ उभा करून राहिला आहात, आणि ताईच्या तोंडून धड दोन वाक्यं निघू नयेत, याचं तुला वाईट वाटणारच. पण मेट्रोतून उतरलेली संध्याकाळची गर्दी, समोर निवणारी तर्री आणि शेजारी तुझे दोन मित्र बसलेले. अशा ठिकाणी मला ते बोलायचं नव्हतं. म्हणून आता निवांत लिहितेय. एकटीनं वाच, मग पटलं तर त्यांना दाखव.

आधी एक सांगते. खेळ मला आवडला. एकाच वेळी दीड-दोनशे माणसं आपापल्या घरी बसून एका नकाशावर राज्य करतात, प्रत्येकाचा एक सरदार, त्याला लग्न, मुलं, म्हातारपण, मरण, आणि तो मेल्यावर किताब पुढच्या पिढीकडे जातो, ही कल्पनाच सुरेख आहे. "क्रुसेडर किंग्ज" या स्वीडिश खेळाचं तू सांगितलंस, त्यातही वारसदार होऊनच पुढे खेळायचं असतं. पण तो बहुतेक लोक एकटे खेळतात. एकट्यानं खेळताना बाप मेल्यावर अर्धं राज्य भावाकडे गेलं तर गंमत वाटते, कारण तो भाऊ संगणक असतो. तुझ्या खेळात त्या भावामागे जिवंत माणूस आहे. त्यानं महिनाभर झोप मोडून तो प्रांत सांभाळलेला असतो. म्हणून तुझ्या वहीतले वारशाचे नियम मी कोर्टातल्या कागदासारखे वाचले. सोळा वर्षं मी दिवाणी कोर्टात वारसांचेच दावे बघतेय. मृत्युपत्रं, दत्तकपत्रं, फेरफाराच्या नोंदी. सवय सुटत नाही.

आणि मग आला नियम चौदा. निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारलेला. तुझेच शब्द लिहिते: सरदार मेला आणि वारस मान्य झाला नाही, तर किताब आणि प्रांत वरच्या सरदाराकडे जाईल, वारस मान्य करायचा की नाही, हे वरचा सरदार ठरवेल.

पहिल्या अर्ध्या नियमाशी माझं भांडण नाही. बेवारस मिळकत शेवटी कुणाकडे तरी जाणारच. दुसरा अर्धा वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्याच्या झोळीत प्रांत पडणार, त्यालाच तू विचारतेस की बाबा रे, हा वारस खरा मानायचा का?

तुझ्याच चाचणीत काय झालं ते आठव. तुझा मित्र बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस गावी गेला. रात्री अडीचला त्याचा म्हातारा सरदार मेला. मुलगा होता, पण लहान. वरच्या सरदारानं सकाळी चहा पिता पिता "अमान्य" दाबलं आणि प्रांत गिळला. हळदीतून परत येऊन पोरानं खेळ उघडला तर त्याच्या नावावर काहीच नाही. तू म्हणालीस, "ताई, सगळं नियमाप्रमाणंच झालं." हो गं, नियमाप्रमाणंच झालं. तोही हेच कुणाकुणाला सांगत बसला असेल, आणि पुन्हा खेळायला आलाच नाही.

आता मान वर करून बघ. आपण जिथं बसलो होतो तिथून सीताबर्डीची टेकडी दिसते. रोज तिच्याखालून जातो, म्हणून ती आपल्याला दिसेनाशी झाली आहे. तुझा चौदावा नियम या गावावर एकदा लागू झालाय, छोटे. शब्दाला शब्द.

११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे विधवेला नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसली तरी दत्तक घेता येई, आणि घरात नात्यातला मुलगा होता. पण तो मान्य करायचा की नाही, हे ठरवणार कोण? ईस्ट इंडिया कंपनी. अमान्य झाला तर राज्य जाणार कुणाकडे? कंपनीकडेच. गव्हर्नर जनरल डलहौसीनं जानेवारी १८५४ मध्ये टिपण लिहिलं, आणि त्या वर्षीच राज्य खालसा झालं. कौन्सिलातल्या कर्नल लो यांनी विरोध नोंदवला, तो कागदावर राहिला. त्या टिपणात वारसाहक्काची चर्चा आहे तशीच या मुलखातल्या कापसाचीही आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. वारस खरा की खोटा हे तपासणाऱ्याच्या नजरेसमोर कापसाची शेतं असतील, तर तो काय निकाल देणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

याच कंपनीनं याच घराण्यात छत्तीस वर्षांपूर्वी काय केलं होतं, ते ऐकलंस तर तुला राग येईल. १८१८ मध्ये गादी रिकामी झाली, तेव्हा दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा, दहा वर्षांचा पोर, दत्तक देऊन गादीवर बसवला. विधवेनं घेतलेला दत्तक, तोही मुलीकडून आलेला नातू. कंपनीनं आनंदानं मान्य केला, कारण तेव्हा तिला गादीवर लहान मूल हवं होतं आणि कारभार आपल्या रेसिडेंटच्या हातात. हाच बाजीबा म्हणजे तिसरे रघुजी. त्यांच्या मागे तसाच दत्तक पुढे आला तेव्हा तो चालला नाही. मधल्या काळात शास्त्र बदललं नव्हतं. बदलली होती ती ठरवणाऱ्याची गरज.

एवढ्यासाठीच हे लिहायला बसले. मोठा मुलगा की सगळ्यांत वाटणी, निवडणूक की मृत्युपत्र, यातला कुठलाही नियम तू घे, खेळ चालेल. जगात सगळे प्रकार चाललेत. फक्त वारस ठरवणाऱ्याला त्या ठरवण्यातून लाभ होता कामा नये.

तुला वाटेल, ताई एका प्रसंगावरून एवढं मोठं बोलतेय. म्हणून भोसल्यांच्या घरात शंभर वर्षं मागे जाऊन बघ. आपल्याला शाळेत लढाया शिकवल्या, वारसे शिकवले नाहीत. खऱ्या लढाया वारशातूनच झाल्या.

थोरले रघुजी १७५५ मध्ये गेले. चार मुलगे. जानोजी वयानं थोरले, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयानं लहान, पण थोरल्या राणीचे. आता "थोरला" म्हणजे कोण? तुझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर तू "ज्येष्ठ पुत्र" एवढंच लिहिलंयस. वयानं ज्येष्ठ की आईच्या मानानं, ते लिहिलेलं नाही. नियमात एक शब्द मोकळा सोडला की त्यातून फौज आत येते. वाद पुण्याला गेला. पेशव्यांनी जानोजींना "सेनासाहेबसुभा" हा किताब मान्य केला, मुधोजींना "सेनाधुरंधर" हा नवा किताब आणि चांद्याचा मुलूख. आणि मान्यतेबद्दल नजराणा घेतला. नजराणा म्हणजे वारसाच्या मान्यतेवर लावलेली फी. ज्याला फी मिळते त्याला भांडण लवकर मिटण्याची घाई कशी असेल?

तरी त्या वाटणीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती, आणि ती तू उचलावीस असं मला मनापासून वाटतं. चौथे भाऊ बिंबाजी. त्यांना छत्तीसगड मिळालं. ते रतनपूरला जाऊन राहिले, तिथे आपला दरबार मांडला, मराठी आणि मोडी लिपी कारभारात नेली, टेकडीवर रामाचं देऊळ बांधलं, आपल्या रामटेकची आठवण येईल असं. १७८७ पर्यंत ते तिथे राज्य करत होते. नागपुरात भाऊ भावाच्या जिवावर उठले, तेव्हा बिंबाजी आपल्या मुलखात होते. का? त्यांच्याकडे हरवण्यासारखं काही होतं, आणि रोज सकाळी उठून करण्यासारखंही काही होतं. ज्याला गादी मिळाली नाही त्याला तुझ्या खेळात काय मिळतं? मी वही दोनदा चाळली. काहीच मिळत नाही. "इतर पुत्र: दरबारी," एवढंच. दरबारात नुसता उभा राहणारा खेळाडू एकतर खेळ सोडेल नाहीतर विष घालेल. त्याला एक रतनपूर दे. लहान असू दे, लांब असू दे, पण त्याचं स्वतःचं.

मग १७७२ मध्ये जानोजी गेले. त्यांना मूल नव्हतं. पुतण्या रघुजी, म्हणजे मुधोजींचा मुलगा, दत्तक ठरलेला होता आणि त्याला पेशव्यांची संमतीही घेतलेली होती. सगळं रीतसर. पण मुधोजी मुलाला घेऊन नागपुरात पोहोचायच्या आधी चौघांतल्या उरलेल्या भावानं, साबाजींनी, कारभार हातात घेतला. संमतीचा कागद एकीकडे आणि गादीवर बसलेला माणूस दुसरीकडे. पुण्यातही पुढच्याच वर्षी पेशवे नारायणरावांचा खून झाला, रघुनाथराव आणि बारभाई असे दोन तट पडले. आता मान्यता देणारेच दोन झाले. नागपूरच्या एका भावानं एक तट धरला, दुसऱ्यानं दुसरा. अडीच वर्षं हा मुलूख त्यात भरडला गेला. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ दोघे भाऊ समोरासमोर आले आणि मुधोजींच्या पिस्तुलाची गोळी लागून साबाजी ठार झाले. गोळी भावानं भावावर झाडली. कुणा सैनिकानं नव्हे.

पाचगावचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोर्टातले दोन भाऊ डोळ्यांसमोर आले. नावं सांगणार नाही. सहा एकर संत्र्याची बाग, बापाचं मृत्युपत्र स्पष्ट, साक्षीदार जिवंत. पण बाप गेल्यावर नोंद लागायला वेळ गेला, आणि तेवढ्या काळात धाकट्यानं विहिरीवर मोटर बसवली, कुंपण घातलं. पुढची अकरा वर्षं दावा चालला. निकाल लागला तेव्हा थोरल्यानं पेढे आणले नाहीत, माझ्या टेबलापाशी बसून रडला. मधल्या काळात बाग वाळली होती. मरण आणि मान्यता यांच्यामधलं अंतर फार धोक्याचं असतं, छोटे. तुझ्या खेळात ते अंतर तू मोजलंच नाहीस. तिथे मुदत घाल. तीन दिवस म्हण, सात दिवस म्हण. त्या मुदतीत प्रांतावर कुणाला हल्ला करता येणार नाही, कुणाला खजिना हलवता येणार नाही. आणि मुदत संपेपर्यंत कुणी रीतसर हरकत घेतली नाही, तर वारस आपोआप मान्य. गप्प बसलेल्याचा फायदा वारसाला मिळू दे. तुझ्या नियमात तो वरच्या सरदाराला मिळतो.

आता कारभाऱ्याचं. वारस लहान असला, किंवा खेळणारा माणूस परीक्षेला बसला असला, आजारी असला, तर त्याच्या वतीनं राज्य कोण बघणार? तू लिहिलंयस, "सर्वांत जवळचा पुरुष नातेवाईक." अगं, सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे पुढचा वारस! मूल मेलं तर गादी त्याच्याकडे. अशा माणसाच्या हातात तू मूल देतेस?

दुसरे रघुजी, म्हणजे जानोजींना दत्तक गेलेला तोच पुतण्या, मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी अपंग होता, कारभार त्याला झेपणारा नव्हता. कारभारी झाले चुलतभाऊ अप्पासाहेब, आणि पुढचे वारसही तेच. कारभारीपणाला आधार हवा होता, तो त्यांनी कंपनीकडे मागितला. रघुजींनी जन्मभर टाळलेला तैनाती फौजेचा करार अप्पासाहेबांनी मे महिन्यात करून टाकला, दोन-सव्वादोन महिन्यांत. बघ, इथेही मान्यता देणाऱ्यानं आपला वाटा आधी काढून घेतला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले आढळले. अप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे होते. पुढे त्या मृत्यूचा ठपका त्यांच्यावरच आला. गादी त्यांना मिळाली.

याच्या उलट चित्र त्याच घरात आहे. लहान बाजीबाला सांभाळलं बांकाबाईनं, दुसऱ्या रघुजींच्या विधवेनं. नातवाच्या मरणानं तिला गादी मिळणार नव्हती. तो जगला, वाढला, तरच तिचा मान. मूल मोठं झालं, राजा झालं. घर तेच, वाडा तोच. एक कारभारी पुढचा वारस होता, दुसरी नव्हती. आपल्या कायद्यातही अज्ञानाचा पालक नेमताना हेच बघतात, की मुलाच्या हिताविरुद्ध याचा स्वतःचा स्वार्थ आहे का. तुझ्या खेळात कारभारी म्हणून आई असू दे, आजी असू दे, मामा असू दे. ज्याला वारसाच्या मरणातून दमडीही मिळत नाही असा कुणीही चालेल. "पुरुष" हा शब्द मात्र काढ. आणि वारसांच्या यादीतही मुलीला भावाच्या मागे ढकलू नकोस. २००५ पासून आपल्या देशात हिंदू वारसा कायद्यानं मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार आहे, आणि तुझ्या खेळात ती चुलत्याच्याही नंतर? आपल्या बाबांनी आपल्या दोघींना काय म्हणून वाढवलं?

टेकडीवर परत येते, कारण अजून एक गोष्ट तिथेच घडली आणि तीही किताबावरूनच. नोव्हेंबर १८१७. पुण्यात पेशव्यांची आणि कंपनीची लढाई नुकतीच जुंपली होती. त्यातच पेशव्यांकडून अप्पासाहेबांना सेनापतिपदाची वस्त्रं आली. २४ तारखेला त्यांनी ती समारंभानं स्वीकारली. एका बाजूला कंपनीशी करार, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या शत्रूकडून किताब. दोन दिवसांत, २६ च्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. रेसिडेन्सी टेकडीच्या पश्चिमेला, शहर पूर्वेला. कंपनीची माणसं दीडेक हजार, भोसल्यांची त्यांच्या कितीतरी पट. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी जिंकून घेतली होती, पण दारूच्या साठ्याचा स्फोट झाला आणि ती हातची गेली. २७ च्या दुपारपर्यंत निकाल लागला होता. आज टेकडीवर जो किल्ला आहे तो इंग्रजांनी या लढाईनंतर बांधलेला. अप्पासाहेब पुढच्या वर्षी पदच्युत झाले, कैदेतून निसटले, आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्याच्या आश्रयात वारले.

तुझ्या नवव्या नियमात एका सरदाराला दोन सम्राटांकडून किताब घेता येतात. त्यानं खेळ रंगतो, खरंय, ते ठेव. पण दुसरा किताब स्वीकारण्याआधी पडद्यावर स्पष्ट लिहून येऊ दे, की यानं पहिला करार मोडतोय. अप्पासाहेबांना ते ठाऊक होतं. तुझ्या चौदा वर्षांच्या खेळाडूला नसेल.

बांकाबाईचं थोडं सांगू दे, विषय सोडून वाटलं तरी. बाबा आपल्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला न्यायचे. काळी मारबत आली की तू माझ्या ओढणीत तोंड लपवायचीस. ती काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बांकाबाई, असं लोक अजून सांगतात. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची मानतात. बांकाबाई १८५८ मध्येच गेली होती. १८५७ मध्ये तिनं आपल्या माणसांना उठावापासून दूर राहायला सांगितलं, हे खरं, त्याचा राग लोकांच्या मनात राहिला असेल. पण राज्य खालसा झालं तेव्हा घराण्याचा हक्क मागत अर्ज-विनंत्या करणाऱ्यांत हीच म्हातारी पुढे होती. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल याच सीताबर्डीवर लिलावात मातीमोल गेले. दागिने कलकत्त्याला विकायला नेले. नियम बनवणारा दूर कलकत्त्यात बसला होता, त्याचा पुतळा कुणी जाळला नाही. नियमाखाली चिरडलेल्या बाईची मिरवणूक निघते. मला हे दरवर्षी टोचतं. तुझ्या खेळातही हेच होईल. चौदाव्या नियमानं प्रांत गेला की पोरं एकमेकांना शिव्या देतील, दोस्ती तोडतील. नियम लिहिणारीचं नाव कुणी घेणार नाही. म्हणून ते नाव तूच स्वतः घे.

आता म्हणशील, टीका पुरे, करू काय ते सांग.

प्रत्येक सरदारानं जिवंत असताना वारसांची यादी लिहून ठेवायची. एक नाव नको, तीन-चार. यादी बंद पाकिटात. मेल्यावरच उघडेल, म्हणजे पहिल्या नावावर आधीच कुणी मारेकरी घालणार नाही. तिसरे रघुजी ते करून गेले असते तर कंपनीला निमित्त शोधायला जास्त कष्ट पडले असते. दत्तक चालू दे, विधवेचाही चालू दे, मी त्या बाजूची आहे. पण दत्तक जाणारं पात्र खेळात काही दिवस आधीपासून असलं पाहिजे. नाहीतर एकच हुशार पोरगा पाच खोटी खाती उघडून स्वतःच स्वतःला दत्तक घेत बसेल आणि महिन्यात अर्धा नकाशा त्याचा. आमच्याकडे दत्तकपत्राला नोंदणीची तारीख विचारतात ती याचसाठी.

यादी संपली, कुणीच उरलं नाही, तर? तर बरोबरीच्या दर्जाचे सरदार मत देतील. त्यातून वरचा सरदार बाहेर, आणि ज्याची हद्द त्या प्रांताला लागून आहे तोही बाहेर. ज्याचा संबंध आहे त्या न्यायाधीशानं खटल्यातून बाजूला व्हायचं असतं, तसं. ज्यांचा लाभ नाही त्यांना मत द्यायला कंटाळा येईल, म्हणून मत देणाऱ्यांना थोडा मान दे, दरबारातली जागा दे. त्या प्रांतातलं काही देऊ नकोस. आणि एवढं करूनही कुणी निवडून आलं नाही, तर प्रांत मोकळा राहू दे, वाऱ्यावर. नवा खेळाडू येईल तो तिथून सुरुवात करेल. वरच्या सरदाराला तो मिळता कामा नये. कधीच.

किताब आणि जमीन एकमेकांपासून सोडव. राज्य गेल्यावर भोसल्यांच्या नात्यातला यशवंतराव अहिरराव हा मुलगा अखेर दत्तक गेला, जानोजी झाला, आणि पुढे त्याला सातारा जिल्ह्यातल्या देऊरचा "राजाबहादूर" किताब मिळाला. नागपूरचं राज्य नव्हतं, पण नाव होतं, वाडा होता. महाल भागात त्या घराण्याला अजून लोक "राजे" म्हणतात. जमीन हरलेल्या खेळाडूकडे त्याचं नाव राहू दे. नाव असेल तर तो उद्या परत येतो.

आणि झोपलेल्या माणसाचं बघ. तुझ्या खेळात पात्र मरतं तेव्हा ते पात्रच मरतं, त्यामागचा माणूस लग्नात वाढत असतो, आजीला दवाखान्यात नेत असतो. रात्री अडीचला कुणाचा सरदार मरू नये. माणूस खेळात आला, त्यानं डोळ्यांनी बघितलं, मगच मरण लागू होऊ दे. फार दिवस आलाच नाही तर त्याच्या यादीतला पहिला वारस बसव, आणि लाभ नसलेला कारभारी दे.

एक शेवटचं, तुला धीर यावा म्हणून. हा नियम बदलता येत नाही असं वाटत असेल तर ऐक. १८४८ ला साताऱ्यावर, १८५४ ला नागपूर आणि झाशीवर ज्यांनी तो चालवला, त्यांनाच तो सोडावा लागला. १८५७ चा वणवा बघून १८५८ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या जाहीरनाम्यात संस्थानिकांच्या हक्कांची हमी दिली गेली, आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. नागपूर काही परत मिळालं नाही. तुझ्या मित्राचा प्रांत मात्र परत देता येईल, तो तुझ्या हातात आहे. आजच फोन कर त्याला. आधी माफी माग, मग खेळाचं बोल.

टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत. २६ जानेवारीला उघडतात. आपण दोघी सकाळी लवकर जाऊ, रांग मोठी असते. तुझी वही घेऊन ये, आणि येताना चौदावा नियम खोडून ये.

तुझी ताई